वारावर जेवणारा विंगर

जानेवारीत पहाटे साडेपाचला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत इतकं धुकं असतं की समोरच्या घराचा कठडासुद्धा दिसत नाही. तशात अक्का कानाला मफलर गुंडाळून, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन लॅपटॉपसमोर बसते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. कॅनडात तेव्हा आदल्या दिवसाचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात, आणि ऑंटॅरिओतल्या एका छोट्या गावात तिचा नातू बर्फाच्या रिंकवर खेळायला उतरलेला असतो. पक कुठे आहे ते तिला कधीच दिसत नाही. मलाही दर तिसऱ्या वेळीच दिसतो. तीन इंचांची ती काळी चकती इकडून तिकडे जाते कधी आणि गोल होतो कधी, ते लोक ओरडले की कळतं. आमचं निम्मं लक्ष नातवाच्या नंबराकडे आणि निम्मं इंटरनेट अडकल्यावर गरगरणाऱ्या त्या दुसऱ्या चकतीकडे.

ग्वाल्हेरात बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तिथे आइस हॉकीचं काय काम? पण भाचा ब्रॅम्प्टनला गेला, तिथे त्याला मुलगा झाला. आपल्याकडे जसं पाचव्या वर्षी पोराला तबल्याच्या क्लासला घालतात, तसं तिथे त्याला स्केट्स घालून बर्फावर सोडलं. पोरगं चांगलं निघालं, कडेने चढाई करणारा विंगर झालं. सोळाव्या वर्षी ज्युनियर लीगच्या एका संघाने त्याची निवड केली आणि तो घर सोडून तीन तासांवरच्या गावी राहायला गेला. वसतिगृह वगैरे नाही. गावातली कुटुंबं या मुलांना आपल्या घरी ठेवून घेतात. खोली देतात, जेवू घालतात, शाळेत वेळेवर गेला की नाही ते बघतात. अशा घराला तिकडे बिलेट म्हणतात, आणि संघ त्या कुटुंबाला खाण्यापिण्यापुरते काही पैसे देतो.

मी हे समजावून सांगितल्यावर अक्का म्हणाली, "म्हणजे वारावर जेवतो म्हण की."

मला हसू आलं, पण तिचं बरोबर होतं. आमचे पणजोबा शिंदेशाहीत आले ते वार लावूनच शिकले. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तर कुठल्या कुठून गाण्यासाठी ग्वाल्हेरपर्यंत आले, वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ही गायकी दक्षिणेत घेऊन गेले. त्यांच्या हाताखाली विष्णू दिगंबर तयार झाले. ही कथा आम्ही ग्वाल्हेरची मराठी माणसं छाती फुगवून सांगतो. मात्र बुवांसारखेच घर सोडून आलेले, उपाशी राहिलेले आणि गळा न लागल्यामुळे परत गेलेले किती होते, ते कोणी मोजलेलं नाही. परत गेल्यावर त्यांनी काय केलं, हेही कोणी विचारलेलं नाही.

त्या परत जाणाऱ्यांबद्दलच मला बोलायचं आहे. गेली चार वर्षं हे करिअर असं पहाटे पहाटे पाहताना माझं एक मत पक्कं होत गेलं. जो संघ, जी अकादमी, जे सरकार मुलाला शाळेच्या वयात खेळासाठी घरातून उचलून नेतं, त्याने घेतलेल्या दर वर्षापोटी पुढच्या शिक्षणाचं एक वर्ष त्या मुलाच्या नावावर लिहून द्यावं. दाखल करतानाच, लेखी. निवड हुको, गुडघा जावो, प्रशिक्षकाशी बिनसो, ते वर्ष त्याचं. वर्षाला वर्ष.

ही कल्पना माझी नाही. कॅनडाच्या ज्युनियर हॉकीत ती चालू आहे. पण ते घर काचेचंही आहे, म्हणून आधी ते नीट बघू.

तिथे ज्युनियरच्या तीन मोठ्या लीग आहेत: ऑंटॅरिओ, वेस्टर्न आणि क्युबेकची. मिळून साठेक संघ, काही अमेरिकेतही. खेळणारी मुलं सोळा ते वीस वर्षांची. एखादा फारच अफाट असेल तर पंधराव्या वर्षी खास परवानगी मिळते. ती ऑंटॅरिओत २००५ मध्ये पहिल्यांदा जॉन टॅव्हारेसला मिळाली, २०१२ मध्ये कॉनर मॅकडेव्हिडला. ऑंटॅरिओ आणि वेस्टर्न लीगमध्ये एका मोसमात एकेक संघ ६८ सामने खेळतो आणि बाकीचा वेळ बसमध्ये असतो. सामना संपला की रात्री दहाला बस, पहाटे घर, सकाळी शाळा. या सगळ्याच्या वर एनएचएल, म्हणजे तिथली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग: ३२ संघ, दर वर्षी एक ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवी पोरं निवडायची, सात फेऱ्या, २२४ नावं. तीही फक्त कॅनडातून येत नाहीत. अमेरिका, स्वीडन, फिनलंड, रशिया, सगळीकडून येतात. शिवाय ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणजे खेळायला मिळालं असं नव्हे. नाव पुकारलेल्यांतल्या कित्येकांच्या वाट्याला एनएचएलचा एक सामनाही येत नाही.

म्हणजे साठ संघांत प्रत्येकी वीस-पंचवीस पोरं धरली, तर त्यातल्या बहुतेकांचं करिअर विसाव्या वर्षी संपतं. आपल्याकडे ज्या वयात मुलगा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असतो, त्या वयात ही मुलं माजी खेळाडू होतात.

निवड तरी निखळ गुणांवर होते का? इथे एक मजेशीर गोष्ट आहे आणि गणिताचा मास्तर म्हणून मला ती फार आवडते. १९८५ च्या सुमाराला रॉजर बार्न्सली या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की वरच्या दर्जाच्या ज्युनियर संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं भरमसाट आहेत आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेली मोजकीच. कारण साधं. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. आठ वर्षांच्या गटात जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलाहून जवळजवळ वर्षाने मोठा असतो, म्हणून अंगाने दांडगा असतो. तोच निवडला जातो, त्यालाच चांगला प्रशिक्षक आणि जास्त सामने मिळतात, आणि पाच वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळत असतो. आमचा नातू डिसेंबरचा. ज्युनियर लीगचाही असाच ड्राफ्ट असतो, त्यात त्याचं नाव फार खाली आलं.

मी हे अक्काला सांगितलं तर म्हणाली, "मग त्याच्या बापाने तारीख का नाही बदलली?" तिचंही चूक नाही. मध्य प्रदेशातल्या आमच्या पिढीत निम्म्या वर्गाचा जन्म १ जुलैचा असायचा. मास्तर विचारायचे, बाप म्हणायचा लिहा काहीतरी, आणि शाळा सुरू होण्याची तारीख जन्मतारीख होऊन बसायची. आजही वयोगटाच्या स्पर्धांत पंधरा वर्षांखालच्या संघात मिसरूड फुटलेले गडी उतरतात. कॅनडात कॅलेंडरच लबाडी करतं, आपल्याकडे ती कामगिरी आपण अंगावर घेतो.

सतराव्या वर्षी नातवाचा सौदा झाला. मी जाणूनबुजून सौदा म्हणतोय. जानेवारी महिना, तो बारावीत. सकाळी प्रशिक्षकाने बोलावून सांगितलं की तुला दुसऱ्या संघाला दिलं. बदल्यात त्यांचा एक बचावपटू आणि पुढच्या ड्राफ्टमधली एक निवड आम्हाला मिळाली. संध्याकाळपर्यंत त्याने बॅग भरली, बिलेटच्या बाईंना मिठी मारली, त्यांच्या कुत्र्याचा फोटो काढला आणि निघाला. नवं गाव, नवी शाळा, नवं घर. फोनवर तो हे हसत हसत सांगत होता, कारण तिथे हे सगळ्यांचंच होतं. अक्काने विचारलं, "म्हणजे विकला?" त्याला मराठी कळतं, पण या प्रश्नावर तो जरा थांबला. मग म्हणाला, "नाही आजी, ट्रेड केला." दोन दिवस अक्काने लॅपटॉप उघडला नाही.

ही मुलं कामगार की विद्यार्थी, हा वाद तिथे कोर्टात गेलेला आहे. लीगचं म्हणणं, ही हौशी खेळाडू मुलं आहेत, शिकताहेत. मुलांचं म्हणणं, तिकिटं विकली जातात, टीव्हीचे हक्क विकले जातात, आमच्या नावाचे जर्सी विकले जातात आणि आम्हाला आठवड्याला ५० डॉलरांच्या आसपास भत्ता. २०१४ मध्ये माजी खेळाडूंनी किमान वेतनासाठी सामूहिक दावा लावला. दावा चालू असतानाच एकेका प्रांताच्या सरकारने कायदा बदलून ज्युनियर खेळाडूंना किमान वेतनाच्या नियमांतून वगळलं. ऑंटॅरिओने २०१८ मध्ये वगळलं. अखेर २०२० मध्ये ३ कोटी कॅनेडियन डॉलरांवर तडजोड ठरली. गंमत पुढेच आहे. ज्या पोरांना मायदेशी कामगार मानायला कोणी तयार नव्हतं, त्यांनाच अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धांचं मंडळ, एनसीएए, व्यावसायिक ठरवून बाहेर ठेवत होतं. म्हणजे पगार मागितला तर विद्यार्थी, कॉलेजात खेळतो म्हटलं तर धंदेवाईक. तो नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये बदलला आणि ऑगस्ट २०२५ पासून या मुलांना ती दारं उघडली.

इतकं सगळं असूनही त्या व्यवस्थेत एक गोष्ट सरळ आहे, आणि तिच्यासाठीच मी हे सगळं पुराण लावलं. मुलगा जितके मोसम खेळतो, तितक्या वर्षांची कॉलेजची फी आणि पुस्तकांचा खर्च त्याच्या नावावर जमा होतो. यालाही अटी आहेत. ठरावीक मुदतीत शिक्षण सुरू करावं लागतं, आणि एनएचएलचा करार केला की हा हक्क जातो. भांडून भांडून लीगने दिलेली ती पगाराच्या बदल्यातली लिमलेटची गोळी आहे, असं तिथले टीकाकार म्हणतात. असेलही. पण कागदावर आहे, वसूल करता येते. मुलाच्या बापाला सही करताना माहीत असतं की पोराच्या हाती शेवटी काय उरणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. ग्वाल्हेरला हॉकी नवी नाही. ध्यानचंद यांचे धाकटे भाऊ रूपसिंग इथेच राहिले, ग्वाल्हेर संस्थानच्या लष्करात कॅप्टन होते, १९७७ मध्ये इथेच गेले. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असं धुतलं, त्यात एकट्या रूपसिंगांचे दहा गोल होते, ध्यानचंदांचे आठ. त्यांच्या नावाचं स्टेडियम हॉकीसाठी होतं, ते पुढे क्रिकेटचं झालं आणि २४ फेब्रुवारी २०१० ला सचिनने तिथे नाबाद २०० केले. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक हॉकीपटूच्या नावाच्या मैदानावर! त्या दिवशी आम्हीही नाचलो, मी काही साव नाही. आता क्रिकेटला शंकरपूरला वेगळं नवं स्टेडियमही मिळालंय, ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे बांगलादेशाविरुद्ध टी-ट्वेंटीही झाली.

पण रूपसिंगांचं दुसरं अंग बघा. त्यांना पोटाची चिंता नव्हती, कारण संस्थानाने नोकरी दिली होती. ध्यानचंदांना फौजेने दिली. पुढे तेच काम रेल्वेने, पोलिसांनी, बँकांनी केलं. आजही आपल्याकडे हॉकी खेळणाऱ्या पोराचं स्वप्न एनएचएलसारखं कोट्यवधींचं नसतं. त्याला रेल्वेत टीसी व्हायचं असतं. इतकं छोटं, इतकं शहाणं स्वप्न, आणि तेही मूठभरांचंच पुरं होतं.

ग्वाल्हेरातल्याच कंपू भागातल्या मैदानावर राज्याची महिला हॉकी अकादमी २००६ पासून आहे आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे. झारखंड, हरियाणा, मणिपूर कुठून कुठून पोरी आल्या. आमच्याच गावची इशिका चौधरी देशासाठी खेळली. पुरुषांत शिवेंद्र सिंग इथलाच, आता राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकांत आहे. राज्य सरकार विक्रम पुरस्कार देतं आणि तो मिळालेल्याला सरकारी नोकरीही देतं, हे फार चांगलं आहे. त्याहून लहानांसाठी एकलव्य पुरस्कार आहे. कोवळ्या खेळाडूंच्या पुरस्काराला एकलव्याचं नाव कोणाला सुचलं असेल कोण जाणे. गुरूने ज्याचा अंगठा मागून घेतला, त्याचं! सुचवणाऱ्याने गोष्ट शेवटपर्यंत वाचली नसावी, किंवा फारच नीट वाचली असावी.

हे सगळं जिंकणाऱ्यांसाठी. खेलो इंडियात निवड झालेल्या मुलाला प्रशिक्षण, राहणं-खाणं आणि वर महिन्याला १०,००० रुपये हातखर्च मिळतो. तेही निवड टिकेपर्यंत. यादीतून नाव गेलं की दुसऱ्या महिन्यापासून तो कोणाचाच नसतो.

असा एक मुलगा मी जवळून पाहिला. नोकरीची काही वर्षं मी दुसऱ्या जिल्ह्यात काढली. तिथल्या आमच्या शाळेत एका क्रीडा वसतिगृहाची मुलं शिकायला यायची. वसतिगृह कुठलं ते राहू दे. पहाटे पाच ते आठ मैदान, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा मैदान. हा मुलगा ओले केस घेऊन यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा आणि दुसऱ्या तासाला डोकं टेकायचा. माझा तास दुसरा होता. मी त्याला कधी उठवलं नाही. वर्गात मी वर्गसमीकरणं शिकवत होतो आणि मागे तो घोरत होता, चक्क. सहामाहीत त्याच्या पेपरवर मी दोन-चार मार्क सोडून दिले, तो पास झाला, आणि आपण एका खेळाडूवर उपकार केला असं मला वाटलं. आज वाटतं, त्याला झोपू देऊन मी त्याच्या वाट्याचा तास चोरला. आम्ही सगळ्यांनीच चोरला, पुन्हा वर कौतुक करत करत.

बारावीच्या वर्षी त्याचं लिगामेंट गेलं. वसतिगृहातून नाव कमी झालं. एकविसाव्या वर्षी तो मला शोधत आला, हातात एक फाईल घेऊन. प्लास्टिकच्या खिशांची फाईल असते ना, तशी. प्रत्येक प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं. मी मोजली, सत्तावीस होती. जिल्हा, संभाग, संभाग, जिल्हा, आमंत्रितांची स्पर्धा, एक राज्यस्तरीय सहभाग. त्याला खेळाडूंच्या कोट्यात भरतीचा अर्ज भरायचा होता. केंद्राच्या नोकऱ्यांत या कोट्यासाठी प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात लागतं: देशाकडून खेळलास तर एक फॉर्म, राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धेत खेळलास तर दुसरा, विद्यापीठाकडून तिसरा, शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळलास तर चौथा, प्रत्येकावर ठरलेल्या अधिकाऱ्याची सही. त्याच्याकडे यातला एकही नव्हता. सत्तावीस कागद होते आणि त्यातला एकही चालणारा नव्हता. बारावी तो तिसऱ्या श्रेणीत पास झाला होता. मी त्याला अर्ज भरायला मदत केली, खोटं कशाला सांगू, दोघांनाही माहीत होतं की तो जाणार नाही. जाताना त्याने विचारलं, "सर, एवढी वर्षं खेळलो त्याचं कुठे काही मोजत नाहीत का?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि तो हिशेबाचा होता. भीक तो मागत नव्हता.

आमच्या मध्यमवर्गीय मराठी घरांना हे दुसऱ्या कोणाचं तरी दुखणं वाटतं. आपली पोरं कुठे हॉकी खेळतात? खरं आहे. आपली पोरं पंधराव्या वर्षी राजस्थानातल्या कोट्याला जातात, आयआयटीच्या क्लासला. बिलेटऐवजी पीजी असतं, बर्फाऐवजी फिजिक्स. पहाटे उठणं, घरापासून लांब राहणं, मोठं स्पर्धेचं जाळं, वर मूठभर जागा, सगळं तेच. एकच फरक आहे आणि तो फार मोठा आहे. आयआयटी हुकलेल्या मुलाची दोन वर्षं पाण्यात जात नाहीत. बारावी सायन्स हातात असतं, कुठल्या तरी इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागतो, नाहीतर बीएस्सी आहे. हरण्याची किंमत त्याला परवडते. हॉकीवाला पोरगा हरला की त्याच्याकडे काय असतं ते वर सांगितलं. आणि हॉकीला कोण जातं? ज्याच्या घरी कोट्याचे पैसे नसतात तो. म्हणजे ज्याला हरणं सगळ्यात कमी परवडतं, त्यालाच आपण सगळ्यात उघडं खेळायला पाठवतो.

याच्यावर पहिला आक्षेप येईल पैशांचा. मला तो फार टिकणारा वाटत नाही. हॉकीच्या एका टर्फला कोट्यवधी लागतात आणि ते आपण घालतो, घालायलाही हवेत. गोलकीपरच्या एका चांगल्या किटच्या पैशांत सरकारी कॉलेजची तीन वर्षांची फी बहुधा निघेल. खर्चाचा मोठा भाग राहण्या-जेवणाचा, आणि तो आजही अकादमी करतेच आहे. आणखी दोन-चार वर्षं करावा लागेल. इथेच ग्वाल्हेरात १९५७ पासून शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, झाशीच्या राणीच्या नावाची. तिथून देशभर खेळाचे शिक्षक जातात. अपुऱ्या राहिलेल्या खेळाडूसाठी याहून जवळचं दार कुठलं? तिथपर्यंत पोचायला बारावी नीट व्हावी लागते, एवढंच.

दुसरा आक्षेप प्रशिक्षक घेतात आणि तो मी गांभीर्याने घेतो. ते म्हणतात, मास्तर, पोट भरलं की स्टिक जड होते. मागे दार उघडं दिसलं की पोरगं पुढे धावत नाही. ज्यांनी चाळीस वर्षं पोरं घडवली त्यांना मी काय सांगणार? पण मग कॅनडाच्या पोरांनी शिक्षणाची वर्षं खात्यात असताना इतकी चांगली हॉकी का खेळावी? भूक लागते ती जिंकण्याची. उद्या रस्त्यावर येऊ या भीतीने धावणारा पोरगा दुखापत लपवतो. आमच्या त्या विद्यार्थ्याने गुडघ्याचं दुखणं दोन महिने लपवलं होतं, नाव कटेल म्हणून. लपवलं नसतं तर कदाचित तो अजून खेळला असता.

तिसरा एक आक्षेप असतो, आईबाप आपल्या खुशीने पाठवतात, सरकारने का भरायचं? याला उत्तर देतानाही राग येतो. मूल तुमच्या छपराखाली झोपतं, तुमच्या बसमधून जातं, तुमच्या घड्याळाने उठतं. ६ एप्रिल २०१८ ला सस्कॅचवनमध्ये हम्बोल्ट ब्रॉन्कोस या ज्युनियर संघाच्या बसला ट्रकशी अपघात झाला, सोळा जण गेले. कॅनडाभर लोकांनी रात्री आपापल्या दाराबाहेर हॉकीच्या स्टिक्स ठेवल्या, पोरांना लागली तर असाव्यात म्हणून. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या होशंगाबादजवळ राष्ट्रीय पातळीवर खेळणारे चार तरुण हॉकीपटू गाडीच्या अपघातात गेले. ध्यानचंदांच्या नावाच्या स्पर्धेसाठी ते आले होते. दोन दिवस बातम्या आल्या. दाराबाहेर स्टिक ठेवावी असं आपल्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. मुलं कोणाची, याचं उत्तर आपण जिंकल्यावर 'देशाची' असं देतो आणि बाकी वेळी 'ज्याची त्याची'.

कॅनडाचं सगळं उचलून आणा असं मी म्हणत नाही. मुलांचे सौदे नकोत. करार केला की हक्क गेला, ही अटही नको. उलट रेल्वेत लागलेल्या पोरालाही चार वर्षांनी शिकावंसं वाटलं तर त्याची वर्षं शिल्लक असावीत. लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर दोन-अडीच महिने खेळून तिथल्या मुलींनी २०२५ मध्ये आशिया कपात भारताला आइस हॉकीचं ब्राँझ मिळवून दिलं. त्यांनाही हाच नियम लागू असावा, कबड्डीवाल्यांनाही, कुस्तीवाल्यांनाही. फक्त तो नियम असावा, कोणा मंत्र्याची कृपा नसावी.

नातवाचा शेवटचा सामना मार्चमध्ये झाला. हरले. वीस वर्षं पूर्ण झाली होती, म्हणजे ज्युनियर संपलं. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कधी आलंच नाही. दोन दिवसांनी फोन आला. आवाज बसलेला होता. मला म्हणाला, "मामाआजोबा, चार मोसम झाले, चार वर्षं मिळतील. फिजिओथेरपीला जायचा विचार आहे." अक्काने फोन ओढून घेतला. "मग आता घरी जेवशील ना रे?" नाही म्हणाला, युनिव्हर्सिटी दुसऱ्या शहरात, तिथे खोली घेणार, जेवण मेसमध्ये.

"म्हणजे वारच चालू," अक्का म्हणाली आणि फोन मला परत दिला.

एप्रिलमध्ये सकाळी फिरायला जाताना एका मैदानापाशी गर्दी दिसली. कुठल्याशा निवड चाचण्या होत्या. फाटकाशी एक माणूस उभा होता, डोक्याला गमछा, बहुतेक भिंडकडचा. सोबत अकरा-बारा वर्षांची मुलगी, हातात तिच्या उंचीला जरा मोठीच असलेली स्टिक, ब्लेडला निळा टेप गुंडाळलेला. माझ्या डोळ्यांवर चष्मा बघून तो कागद घेऊन आला. "मास्साब, ज़रा पढ़ देना, क्या लिखा है।"

मी वाचून दाखवलं. नाव, जन्मतारीख, उंची, वजन, रक्तगट, आधार क्रमांक. जन्मतारीख १ जुलै होती. खाली बारीक अक्षरात एकच वाक्य होतं, दुखापत झाल्यास जबाबदारी पालकाची राहील. मी तेही वाचलं. आणखी काय लिहिलंय, असं त्याने विचारलं. मी कागद उलटून पाहिला, मागची बाजू कोरी होती.

मुलगी तोवर स्टिकने एक खडा पुढे-मागे करत होती, मान वर न करता, झकास. बापाने तिच्याकडे एकदा बघितलं आणि माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं.